एक्स-रेंचं पिवळं फडकं

आमच्या घरातून पिशवी उघडून दाखवल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. सून असो, पाहुणा असो, पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस असो. दाराशी एक लाकडी स्टूल आहे, त्यावर आमचे हे बसलेले असतात. बाहेर जाणाऱ्याने थांबायचं, पिशवी पुढे करायची, ह्यांनी दोन बोटांनी आतलं बाजूला सारून बघायचं, मान हलवायची, मग जायचं. नवख्या माणसाचा चेहरा पडतो. मी स्वयंपाकघरातून ओरडते, "दाखवून टाका हो, चावत नाहीत ते!"

ह्यांचा अख्खा जन्म फाटकावर गेला. पितळी नळ बनवणारा कारखाना होता, तिथे हे पहारेकरी. भोंगा झाला की कामगारांची रांग लागायची आणि एकेकाचा डबा, पिशवी, खिसे बघून बाहेर सोडायचं. पितळ कसं, मुठीत मावतं आणि भंगारवाला काही विचारत नाही. डब्यात भाताखाली तोटी, छत्रीच्या घडीत तोटी. एका बाईने तर अंबाड्यात खोवली होती! तिची मान जरा जास्तच ताठ आहे, एवढ्यावरून ह्यांनी तिला बाजूला घेतलं आणि तपासणीच्या बाईंकडून अंबाडा सोडवला. तेव्हापासून कामगार ह्यांना एक्स-रे म्हणायला लागले. तोंडावर साहेब, पाठीमागे एक्स-रे. मला कळलं तेव्हा मीही म्हणायला लागले, पण तोंडावर.

"चोर पिशवीत नसतो, चालीत असतो," असं हे सांगायचे. ऐकायला झकास वाटतं. संसार करून बघा अशा माणसाशी! मी बाजारातून आले की पिशवी बघणार. माहेराहून आले की बॅग बघणार. अहो, मी काय आईच्या घरून तोट्या चोरून आणणार? आणि किल्ल्या! घरातल्या झाडून सगळ्या किल्ल्यांचा जुडगा ह्यांच्या कमरेला. माझ्या कपाटाची किल्लीसुद्धा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी माझे स्वतःचे कपडे मागून घेते आहे. "अहो, किल्ली." मग हे उठणार, स्वतः उघडणार, मी हवं ते काढणार, हे बंद करणार. कितीदा म्हटलं, एक जुडगा मला करून द्या. "दोन जुडगे म्हणजे दोन दारं," हे म्हणायचे. भांडले, रडले, अबोला धरून पाहिला. ढिम्म! बायकोवरसुद्धा विश्वास नाही, हा काटा माझ्या मनात रुतला तो रुतलाच.

एक रीत मात्र मला ह्यांची आवडायची, ती पिवळ्या फडक्याची. पितळ पुसायला कारखान्यात पिवळी फडकी असायची. नवा पहारेकरी कामाला लागला की हे एखाद्या सज्जन कामगाराच्या पिशवीत, त्याच्या नकळत, फडक्यात गुंडाळलेली तोटी सरकवून ठेवायचे आणि लांब उभे राहून बघायचे, नव्याला सापडते का. सापडली तर पास. पण त्या भानगडीत बिचारा कामगार चोर ठरू नये, म्हणून ते फडकं. पिवळ्या फडक्यातला माल चोरीचा नाही, परीक्षेचा. ज्याच्या पिशवीत सापडेल त्याला कुणी एक शब्द बोलायचा नाही, असा फाटकावरचा नियमच होता. मुलगा लहान असताना ह्यांनी एकदा त्याच्या दप्तरात चमचा तशाच फडक्यात गुंडाळून ठेवला आणि त्या दिवशी तपासायला मला स्टुलावर बसवलं. मला मेला काही सापडला नाही. मुलगा चमचा घेऊन शाळेत गेला आणि मी नापास झाले.

हे निवृत्त झाले तरी फाटक काही सुटलं नाही. कारखान्याचं गेलं, घराचं राहिलं. आम्ही ते खेळासारखं चालू ठेवलं. कुणाचं काय जात होतं?

मग मुलाचं लग्न झालं आणि सूनबाई आली. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, आठवड्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. सूनबाई एका प्रयोगशाळेत. काम काय, तर म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूचे पातळ पातळ काप काढायचे, काचेवर ठेवून रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचे. हे तिने पहिल्याच आठवड्यात जेवताना सांगितलं. माझा घास तोंडात फिरायला लागला. ह्यांनी मात्र खुर्ची पुढे ओढली.

"काय बघता त्या कापांत?"

"पहारेकरी बघते, बाबा. मेंदूचे स्वतःचे पहारेकरी असतात. पेशीच त्या, पण प्रत्येकीची हद्द ठरलेली. फांद्यांसारखे हात चारी बाजूंना पसरून त्या सारख्या चाचपत असतात. कुठे जखम झाली, जंतू शिरला, कचरा साठला, की धावतात आणि गिळून टाकतात."

"आपलीच माणसं की!" हे खूश झाले. "आणि म्हातारपणी?"

"म्हातारपणी हात आखूड होतात, जाड होतात. गिळलेला कचरा पचत नाही, तो पोटातच साठून राहतो. जखमेपाशी पोचायला वेळ लागतो. आणि एक विचित्र गोष्ट होते. एकीकडे अशा सुस्त, आणि दुसरीकडे फार चिडक्या. जरा काही झालं की आरडाओरडा करतात, आणि एकदा सुरू झाला की लवकर थांबत नाही. कधीकधी तर मेंदूतल्या चांगल्या जोडण्याच कुरतडतात."

"म्हणजे कुंपणच शेत खातं," मी म्हटलं. कुणी लक्ष दिलं नाही.

"पाळी कोण बदलतं त्यांची?" ह्यांनी विचारलं.

"कुणी नाही, बाबा. बाहेरून नवी भरती जवळजवळ नसतेच. तिथल्या तिथे एकीच्या दोन होतात, तेवढंच."

"आयुष्यभर एकाच फाटकावर?" हे चुकचुकले. "ना बदली, ना रजा. मग बिघडणारच ते."

त्या दिवसापासून दोघांचं मेतकूट जमलं. ती सकाळी निघताना मुद्दाम पिशवीच्या तळाशी एक लिंबू लपवायची आणि हे शोधून काढायचे. लिंबू हातात धरून असे हसायचे की जणू पितळेची लगड सापडली. माझ्या मनात पाल तेव्हाच चुकचुकली होती. सासऱ्याशी एवढं गूळपीठ करणाऱ्या सुनेला काहीतरी हवं असतं, असं माझं मत. मी गप्प बसून बघत होते.

पहिल्यांदा शिट्टी गेली. फाटकावरची शिट्टी, दाराशेजारच्या खुंटीला टांगलेली असायची. हे दिवसभर शोधत होते. "घरात कुणीतरी आहे," संध्याकाळी मला हळू आवाजात म्हणाले.

"कुणीतरी म्हणजे कोण? तुम्ही, मी आणि ती."

हे दारातल्या सूनबाईच्या चपलांकडे बघत राहिले.

आणि दोन दिवसांनी शिट्टी आपली खुंटीवर! "बघितलंस? चोराने भिऊन परत आणून ठेवली," हे म्हणाले. मला हसू आलं नाही, कारण आदल्या संध्याकाळी सूनबाई त्या खुंटीपाशी घुटमळताना मी पाहिली होती.

मग चष्म्याची डबी गेली आणि परत आली. नखं काढायचं यंत्र गेलं, तेही परत आलं. वस्तू जायच्या, हे घर डोक्यावर घ्यायचे, आणि वस्तू जागच्या जागी यायच्या. ह्यांचा संशय वाढत होता हे मला दिसत होतं. पण मी म्हणते, त्यात नवीन काय? एखाद्या घरात म्हातारा माणूस अचानक संशय घ्यायला लागला तर लोक घाबरतात, डॉक्टर गाठतात. आमच्याकडे संशय म्हणजे ह्यांची नाडी! तो बंद पडला असता तर मी डॉक्टरला बोलावलं असतं. जोरात चालतोय म्हणून कोण बोलावणार? उलट मला वाटायचं, एक्स-रे अजून शाबूत आहेत, आणि घरात खरंच काहीतरी शिजतंय.

सूनबाई ह्यांच्यावर नजर ठेवायची. ते मला अजिबात आवडत नव्हतं. चहा देताना सहज विचारल्यासारखं करायची, "बाबा, काल दुपारी जेवायला काय होतं हो?" "बाबा, आज वार कोणता?" हे चिडायचे. "वार विचारतेस? भिंतीवर दिनदर्शिका आहे, डोळे आहेत ना?" ती मग हे दिनदर्शिकेकडे कसे बघतात ते बघत राहायची.

एकदा ती गॅलरीत फोनवर बोलत होती. मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने दाराआड उभी राहिले. हो, राहिले! माझ्या घरात मी कुठेही उभी राहीन.

"आधीपासूनच संशयी स्वभाव, त्यामुळे वेगळं ओळखता येत नाही," ती म्हणत होती. "नाही, त्यांना सांगितलेलं नाही. सासूबाईंनाही नाही. आणखी थोडे दिवस बघते."

बघते म्हणजे? हिला घरबसल्या म्हातारा उंदीर मिळाला की काय? चहात काही घालत नसेल ना? दुसऱ्या दिवसापासून ह्यांचा चहा मी करायला लागले. तिच्या हातून कप काढून घेतला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, पण बोलली नाही. निरपराध माणूस असा गप्प राहतो का?

आणि मग किल्ल्या. हे अंघोळीला जातात तेवढाच वेळ जुडगा कमरेवरून उतरतो आणि न्हाणीघराबाहेरच्या खिळ्याला लटकतो. एका सकाळी मी स्वयंपाकघरातून डोकावले, तर सूनबाईच्या हातात जुडगा! पाठ माझ्याकडे, मान खाली, बोटं भराभरा चालू. न्हाणीघरातलं पाणी थांबलं तशी तिने जुडगा खिळ्याला अडकवला आणि तिथून सटकली. हे बाहेर आले, जुडगा हातात घेतला आणि जागीच थांबले. प्रत्येक किल्लीला रंगीत दोरा बांधला होता. लाल, निळा, हिरवा.

"खुणा केल्यात," ह्यांचा आवाज घोगरा झाला. "कुणीतरी किल्ल्यांवर खुणा केल्यात. आता ठसे घेणार."

मी जे पाहिलं होतं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच क्षणी भडका उडाला असता, आणि मुलगा गावाला. म्हटलं, त्याला येऊ दे, मग दूध का दूध होईल. पण त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. ह्यांनी दोरे काढले मात्र नाहीत. "पुरावा आहे," म्हणाले.

मुलगा यायच्या आधीच माझी कानातली गेली. माझ्या आईची. आईने मरताना स्वतःच्या कानातून काढून माझ्या हातात ठेवलेली, मोत्यांची. कपाटात लाकडी डबीत असायची. हे कपाट उघडून बाजूला उभे होते, मी डबी उघडली, डबी रिकामी. मी खाली बसले आणि लहान पोरीसारखी रडले. हे माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रडू नकोस. मी धरतो तिला."

तिला. मी 'कुणाला' असं विचारलं नाही.

मुलगा आला. मी त्याच्या कानावर सगळं घातलं, शिट्टी, फोन, किल्ल्या, कानातली. तो म्हणाला, "आई, ती असं करणार नाही." पण म्हणायच्या आधी जरा थांबला. आपलं पोर आपल्याला कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला कामावर सोडायला निघाला. हे स्टुलावर. सूनबाई पुढे आली, पिशवी उघडून धरली. आता लिंबू-बिंबू नसायचं. ह्यांनी दोन बोटांनी डबा बाजूला केला, छत्री बाजूला केली. हात थांबला. आतून एक पुरचुंडी बाहेर आली. ह्यांनी ती तळहातावर सोडली आणि माझ्या आईचे मोती चकाकले.

"धरली!" हे स्टुलावरून उठले. कित्येक वर्षांत ह्यांना एवढं ताठ उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. "मी सांगत होतो! पहिल्या दिवसापासून सांगत होतो! चोर! माझ्या घरात चोर!"

सूनबाई पांढरी पडली. "बाबा, मी नाही घेतली. मला माहीतच नाही, हे कसं आलं." तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याची नजर क्षणभर खाली गेली. बस, तेवढंच. तिने ते टिपलं.

"तुलासुद्धा वाटतं?" ती म्हणाली. मग पिशवी बंद केली, अगदी शांतपणे. "मी संध्याकाळी येणार नाही. माझे कपडे कुणीतरी आणून द्या, आणि देण्याआधी तपासून घ्या."

आणि मी? जिच्या तोंडाला आजवर कुणी लगाम घालू शकलं नाही ती मी, दारात खिळून उभी होते. कारण माझी नजर कानातल्यांवर नव्हतीच. ती ज्यात गुंडाळली होती त्या फडक्यावर होती. जुनं, धुऊन धुऊन विटलेलं, पण पिवळं.

तो नियम त्या घरात दोघांनाच ठाऊक होता, ह्यांना आणि मला. मुलाला चमच्याची गंमत आठवत असेल, फडक्याचा अर्थ नाही. मी गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पोरगी चोर ठरून गेली असती, आणि आज ना उद्या तिच्यामागून माझा मुलगा. बोलले असते तर ह्यांचं काय उरलं असतं? अख्खा जन्म ज्या नजरेवर काढला ती नजर गेली, हे मी भरल्या दारात, मुलाच्या देखत सांगायचं? आणि खरं सांगू, तीच चोर असावी असं मला मनापासून वाटत होतं. देवाशप्पथ वाटत होतं. ती चोर असती तर हे ठणठणीत होते.

सूनबाईने चपलेत पाय घातला.

"अहो," मी म्हटलं. "फडकं कसलं आहे ते बघा."

"काय?"

"फडकं. हातात आहे तुमच्या. कसलं आहे?"

ह्यांनी हाताकडे पाहिलं. फडकं उलटं केलं, सुलटं केलं. "पिवळं," म्हणाले.

"मग नियम काय?"

"पिवळ्या फडक्यातला माल चोरीचा नाही," हे धडा म्हटल्यासारखं म्हणायला लागले, "परीक्षेचा. ज्याच्या पिशवीत सापडेल त्याला..." आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. "पण मी तर इथे तपासायला बसलोय. मग ठेवलं कुणी?"

मीच विचारलं, "कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

ह्यांचा हात आपसूक कमरेला गेला. जुडगा वाजला. ह्यांनी तो रंगीत दोऱ्यांचा जुडगा मुठीत धरला आणि हळूहळू स्टुलावर बसले. हे एखाद्या अनोळखी माणसाची चौकशी करावी तशी स्वतःचीच चौकशी करत होते, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"मीच असणार," शेवटी म्हणाले. "दुसऱ्या कुणाला नियम माहीत नाही. ठेवल्याचं आठवत नाही, पण का ठेवलं असेल ते कळतंय. मला माझाच संशय येत होता गं. नजर राहिली की गेली, बघायचं असेल." मग जरा हसले. "सापडलं तर खरं. तपासणारा पास. ठेवणारा नापास."

मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. ह्यांनी सूनबाईकडे वळून हात जोडले. "पोरी, फडक्यात होतं. तुला एक शब्द बोलायचा नव्हता कुणी, आणि मी बोललो. कारखान्यात असतो तर आज माझी नोकरी गेली असती."

तिने चप्पल काढली. पिशवी तिथेच टाकली, ह्यांच्या पायाशी बसली आणि ढसाढसा रडली. मग एकेक गोष्ट बाहेर आली. शिट्टी पिठाच्या डब्यात सापडली होती. चष्म्याची डबी बुटात. हे चोराच्या भीतीने वस्तू लपवायचे, लपवल्याचं विसरायचे आणि मग चोर शोधायचे. ती गुपचूप हुडकून जागेवर ठेवायची, ह्यांची शोभा होऊ नये म्हणून. एकेका कुलुपाला पाच-पाच किल्ल्या लावून बघताना तिने ह्यांना पाहिलं होतं, म्हणून ते दोरे, लाल दाराला, निळा कपाटाला. फोन विसरण्याच्या आजारांवरच्या एका डॉक्टरबाईंना केलेला.

"मग तोंडाला काय कुलूप होतं?" मी तिच्यावरच खेकसले. "आधी बोलायचं नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही मानलं असतं, आई?"

नसतं मानलं. मी उठून तिला पाणी आणून दिलं. मुलाला मात्र तिने तीन आठवडे धड बोलू दिलं नाही, आणि त्यात मी पडले नाही.

डॉक्टरबाईंकडे गेलो. घड्याळ काढायला लावलं, शब्द आठवायला लावले, डोक्याचे फोटो काढले. पहिल्या दिवशी ह्यांनी निघताना डॉक्टरबाईंचीच पर्स बघायला मागितली, आणि त्या भल्या बाईने दाखवली. आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी घसरण जरा हळू होईल, थांबणार नाही, असंही स्पष्ट सांगितलं.

घरी येताना मी सूनबाईला गाठलं. "खरं सांग, तुझ्या त्या पहारेकऱ्यांनीच केलं ना हे?"

"त्यांचा हात असणार, आई, असं आम्हाला वाटतं. पण एकट्यांचा नाही. आणि उंदरात दिसतं ते सगळं माणसात तसंच असेल असंही नाही. जिवंत माणसाच्या मेंदूचा काप काढून कसा बघणार?"

"आणि त्यांना ताळ्यावर आणायचं औषध?"

"शोधतोय."

शोधतोय म्हणजे नाही, एवढं मला कळतं. हे पुढे चालत होते. मागे न वळता म्हणाले, "त्यांना शिव्या देऊ नका गं. बिचारे कामच करतायत. फक्त माणसं ओळखू येईनाशी झालीत त्यांना."

स्टूल मात्र आम्ही हलवलं नाही. सूनबाईने पुन्हा लिंबू ठेवायला सुरुवात केली, पण आता तळाशी नाही, वरच. कधी सापडतं, कधी हातात धरूनही हे विचारतात, काय हे? मी आता ह्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते. माझाच स्वभाव संशयी झाला आहे. जरा जास्त वेळ गप्प बसले तरी संशय, जरा जास्त बोलले तरी संशय. आज किती गेलं, काय उरलं, ह्याचीच झडती घेत असते मी दिवसभर.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ, घरात आम्ही दोघंच. मी भाजीची पिशवी घेऊन निघाले. जिन्यापलीकडेच भाजीवाली बसते, तेवढ्यापुरतं हे एकटे राहतात. स्टुलापाशी थांबले, पिशवी उघडून धरली. ह्यांनी दोन बोटांनी रिकामी पिशवी चाचपली, मान हलवली. मग वर माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर फाटकावरचा तो अदबशीर भाव, परक्या माणसासाठी असायचा तो.

"बाई, नव्या दिसता तुम्ही."

मी दाराची चौकट धरली.

"एक काम कराल का?" हे कमरेचा जुडगा सोडवत होते. गाठ सुटेना, मी हात पुढे केला नाही. सुटली शेवटी. "आमची मंडळी आत स्वयंपाकघरात असेल. हा तिला द्या. लग्न झाल्यापासून मागतेय."

"तुम्हीच द्या की," मी कशीबशी म्हणाले.

"मी उठलो तर फाटकावर कोण?"

"आणि मी हा घेऊन पळाले तर?"

ह्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. एक्स-रेंची ती जुनी नजर. "नाही पळणार," म्हणाले. "उभं राहण्यावरून कळतं. आणि तिला सांगा, संशय तिचा नव्हता कधी. सवय होती."

जुडगा माझ्या हातात पडला. किती जड आहे ते मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. मी आत गेले, ओट्यापाशी उभी राहिले, पदराने तोंड पुसलं आणि रोजच्या आवाजात ओरडले, "अहो, मिळाला हो जुडगा!"

"नीट सांभाळ," दारातून ह्यांचा आवाज आला. "आणि त्या बाईंची पिशवी बघितली आहे मी. जाऊ दे त्यांना."